वांशिक गटांतल्या डोक्याच्या मापांची तुलना: आधी मोजणाऱ्यांतला फरक काढा, मग गटांतला

दोन वांशिक गटांतल्या लोकांच्या डोक्याची लांबी-रुंदी मोजायची, सरासरी काढायची आणि फरक सांगायचा. काम इतकंच वाटतं, म्हणून ते घाईत उरकलं जातं. माझ्याकडे तपासायला आलेल्या तक्त्यांत गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या आधीचं. एका गटाची मापं एकाने घेतलेली, दुसऱ्या गटाची दुसऱ्याने. एका गटात विशीतली मुलं, दुसऱ्यात साठी ओलांडलेले लोक. एका बाजूला जिवंत माणसं, दुसऱ्या बाजूला संग्रहालयातल्या कवट्या. अशा तक्त्यातून फरक निघतो खरा, पण तो वांशिक गटांचा आहे असं म्हणायला जागाच उरलेली नसते.

हेल्मेट आणि मास्कचे साइज ठरवणारे, बाळांच्या डोक्याच्या आकाराचे तक्ते बनवणारे, कवटीच्या शस्त्रक्रियेचं नियोजन करणारे, न्यायवैद्यक आणि मानवशास्त्राचे विद्यार्थी या सगळ्यांना हे काम करावं लागतं. खालचे टप्पे त्यांच्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. पाचव्या टप्प्यातली चूक नवव्या टप्प्यात दुरुस्त करता येत नाही.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

मापं घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा, ज्यात कोणतं माप, कोणते गट, कोणत्या वयाचे लोक आणि उत्तराचा उपयोग काय, हे चारही असेल. उदाहरणार्थ: "वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांमध्ये, अ आणि ब या गटांत, डोक्याच्या कमाल रुंदीत इतका फरक आहे का, की हेल्मेटचा साचा वेगळा करावा लागेल?"

असं वाक्य लिहिलं की निम्मी मापं आपोआप गळून पडतात. हेल्मेटला लांबी, रुंदी, घेर आणि उंची लागते. शीर्ष निर्देशांक, म्हणजे रुंदीचं लांबीशी असलेलं शेकडा प्रमाण, एकटा काही उपयोगाचा नाही. बाळाच्या डोक्याचा चपटेपणा पाहायचा असेल तर निर्देशांक लागतो आणि दोन तिरक्या कर्णांमधला फरकही लागतो. कवटी कोणत्या लोकसमूहाशी अधिक जुळते असा प्रश्न असेल, तर दोन मापांवर भागत नाही, वीस-पंचवीस घ्यावी लागतात.

सावधान: "कोणता गट जास्त बुद्धिमान" किंवा "कोण जास्त पुढारलेलं" असे प्रश्न डोक्याच्या मापांनी सुटत नाहीत. लांबी-रुंदीच्या गुणोत्तरातून यातलं काहीही कळत नाही. एकोणिसाव्या शतकात या मापांवर माणसांच्या उतरंडी रचल्या गेल्या आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. प्रश्नाच्या वाक्यात असा वास येत असेल तर काम तिथेच थांबवा.

टप्पा २: गट कसा ठरवणार ते आधी ठरवा

इथे सर्वात जास्त गोंधळ असतो आणि त्यावर सर्वात कमी वेळ दिला जातो. वांशिक गट ही निसर्गाने आखून दिलेली चौकट नाही. भाषा, वंशावळ, जन्मस्थान, धर्म आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो यांचं ते मिश्रण असतं. तुम्ही यातला कोणता धागा धरणार आहात, ते लेखी हवं.

माझी पद्धत अशी: माणसाला स्वतःचा गट स्वतःच्या शब्दांत विचारायचा, शिवाय चारही आजी-आजोबांचं जन्मस्थान आणि मातृभाषा वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची. वर्गवारी नंतर, त्या रकान्यांवरून, आधी लिहून ठेवलेल्या नियमाने करायची.

तीन गोष्टी करू नका.

चेहरा बघून गट ठरवू नका. चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसं निवडली आणि मग चेहऱ्या-डोक्याच्या मापांत फरक सापडला, तर तो फरक तुम्हीच निवडीत घातलेला असतो.

आडनावावरून गट ठरवू नका.

मिश्र वंशावळीची माणसं गुपचूप वगळू नका. त्यांना वगळलं की गट आहेत त्यापेक्षा जास्त वेगळे दिसतात. वगळायचंच असेल तर किती जणांना आणि कोणत्या नियमाने, ते अहवालात आलं पाहिजे.

याच टप्प्यावर नैतिक समितीची मान्यता आणि लेखी संमती घ्या. आकडे वांशिक गटांच्या नावाने छापले जाणार आहेत हे संमतीपत्रात स्पष्ट लिहा. अनेकांना डोकं मोजायला हरकत नसते, पण आपल्या समाजाच्या नावापुढे आकडा लागायला असते, आणि तो आक्षेप रास्त आहे. कवट्या असतील तर त्या कशा मिळाल्या आणि वंशजांचं म्हणणं काय, हे आधी तपासा. अमेरिकेत मूलनिवासींच्या अवशेषांबाबत १९९० पासून कायदाच आहे. कायदा नसला तरी ही विचारणा टळत नाही.

टप्पा ३: कोणाला मोजायचं आणि किती जणांना

दोन्ही गट वय, लिंग आणि जन्माचं दशक यांत जुळणारे हवेत.

लिंग: पुरुषांची डोकी सरासरीने मोठी असतात. एका गटात पुरुष सत्तर टक्के आणि दुसऱ्यात चाळीस टक्के असतील, तर लांबीतला फरक तिथूनच येतो. स्त्री-पुरुषांचे आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

वय: बाळाच्या पहिल्या वर्षात डोक्याचा आकार झपाट्याने बदलतो, आणि त्यात झोपण्याच्या स्थितीचा मोठा वाटा असतो. बाळांना पोटावर न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवण्याची शिफारस अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये केली. त्याने अचानक होणारे बालमृत्यू घटले, आणि डोक्याची मागची बाजू चपटी होण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे पाठीवर झोपलेल्या आणि कुशीवर किंवा पोटावर झोपलेल्या बाळांचे दोन गट घेतले, तर एकाच वंशाच्या लोकांतही निर्देशांकात फरक मिळेल. बाळांच्या प्रत्येक नोंदपत्रकात झोपेची स्थिती विचारलेली असलीच पाहिजे.

जन्माचं दशक: अनेक देशांत एकाच लोकसमूहाची डोकी पिढ्यांमागे रुंद किंवा अरुंद होत गेलेली आढळली आहेत. पन्नास वर्षांपूर्वीचा छापील तक्ता एका गटासाठी वापरायचा आणि दुसरा गट आज मोजायचा, हे चालत नाही.

कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्याचं निदान, डोक्यावरची मोठी शस्त्रक्रिया, चेहऱ्याच्या हाडांची जुनी मोडतोड असलेल्यांना वगळा आणि संख्या नोंदवा.

आता नमुन्याचा आकार. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते प्रमाण विचलन सांगतं. दोन सरासऱ्यांमधला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा असेल, तर तो पाच टक्के पातळीवर ऐंशी टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश असेल तर प्रत्येक गटात चारशेच्या आसपास. शिवाय माणसं मोजक्या वस्त्यांतून किंवा मोजक्या घराण्यांतून घेतली असतील तर ती एकमेकांसारखी असतात, आणि त्यांची संख्या कागदावर दिसते तेवढी प्रभावी नसते. एका ठिकाणाहून २० जण आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ इतकं धरलं, तर गुणक एक अधिक एकोणीस गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ येतो. नमुना जवळजवळ दुप्पट करावा लागतो. सख्खे भाऊ-बहीण आणि आई-वडील-मुलं यांतून एकालाच घ्या.

टप्पा ४: साधनं आणि नोंदपत्रक

लांबी-रुंदीला गोल टोकांचा, बाहेर वाकलेल्या दोन भुजांचा स्प्रेडिंग कॅलिपर हवा. सरळ सरकता कॅलिपर डोक्यावरून बसत नाही. तो चेहऱ्याच्या छोट्या मापांसाठी. घेराला न ताणणारी अरुंद पट्टी घ्या. शिंप्याची कापडी पट्टी वापराने ताणली जाते, म्हणून ती नको.

दर सकाळी दोन तपासण्या करा. टोकं मिटल्यावर काटा शून्यावर येतो का? ज्ञात लांबीच्या धातूच्या ठोकळ्यावर, शक्यतो १५० आणि २०० मिलिमीटरच्या, वाचन बरोबर येतं का? भुजा एकदा खाली पडून वाकल्या की शून्य बरोबर दाखवूनही वरची मापं चुकतात. म्हणून ठोकळ्याची तपासणी वगळू नका.

काम अर्धवट असताना साधन बदलू नका. एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युअल मॉर्टन या अमेरिकी डॉक्टरने कवट्यांच्या आतली जागा मोजताना आधी बिया भरल्या, मग शिशाच्या गोळ्या. बिया हलक्या, कमी-जास्त दाबल्या जाणाऱ्या. गोळ्या तशा नाहीत. दोन्हींची मापं जुळेनात. त्याच्या आकड्यांवर पुढे दीडशे वर्षांनीही वाद झडले. साधन बदलावंच लागलं तर निदान तीस जण दोन्ही साधनांनी मोजा.

नोंदपत्रकात मापांखेरीज हे रकाने हवेत: मोजणाऱ्याचा संकेतांक, साधनाचा क्रमांक, तारीख, वेळ, केसांचा प्रकार आणि रचना, पहिलं वाचन, दुसरं वाचन. निर्देशांकाचा रकाना पत्रकावर ठेवू नका. समोर निर्देशांक दिसला की मोजणाऱ्याचा हात अपेक्षित आकड्याकडे वळतो.

टप्पा ५: मोजणाऱ्यांची परीक्षा

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळा लेख याच्यासाठी वाचावा.

प्रत्येक मोजणाऱ्याने वीस माणसं दोनदा मोजायची, मधे किमान एक दिवस जाऊ द्यायचा, आणि पहिले आकडे समोर ठेवायचे नाहीत. मग प्रत्येक माणसाच्या दोन वाचनांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, बेरजेला माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. ही तांत्रिक मोजणी-चूक.

समजा वर्गांची बेरीज ८० आली. ८० भागिले ४० म्हणजे २, वर्गमूळ सुमारे १.४ मिलिमीटर. आता ही चूक माणसा-माणसांतल्या खऱ्या फरकाशी ताडून पाहा. प्रौढांमध्ये डोक्याच्या लांबीचं प्रमाण विचलन साधारण सात मिलिमीटर असतं, रुंदीचं साडेपाचच्या आसपास. चुकीचा वर्ग भागिले विचलनाचा वर्ग, हे एकातून वजा केलं की विश्वासार्हता मिळते. लांबीसाठी १ वजा २ भागिले ४९, म्हणजे ०.९६. रुंदीसाठी तीच चूक धरली तर ०.९३. एकच चूक रुंदीला जास्त मारक ठरते. मी ०.९५ च्या खाली मोजणी सुरू करू देत नाही; पुन्हा सराव, पुन्हा परीक्षा.

हेच गणित दोन मोजणाऱ्यांमध्ये करा. इथे वर्गांच्या बेरजेपेक्षा फरकांची साधी सरासरी जास्त बोलते. एकजण दुसऱ्यापेक्षा नेहमीच दोन मिलिमीटर जास्त वाचत असेल तर ते तिथेच दिसतं.

दोन मिलिमीटरने काय होतं ते पाहा. रुंदी १५०, लांबी १८८: निर्देशांक ७९.८. एकाने रुंदी दोनने कमी आणि लांबी दोनने जास्त वाचली: १४८ आणि १९०, निर्देशांक ७७.९. डोकं तेच आहे आणि निर्देशांक जवळजवळ दोन एककांनी हलला. गटागटांत छापले जाणारे कितीतरी फरक याच आकाराचे असतात.

सावधान: "अ गट एकाने, ब गट दुसऱ्याने" अशी वाटणी कधीही करू नका. प्रत्येक मोजणाऱ्याने दोन्ही गटांतली माणसं मोजली पाहिजेत, आणि जमलं तर एकाच दिवशी मिसळून. ही वाटणी चुकली तर पुढचं कोणतंही गणित ती सोडवू शकत नाही, कारण गट आणि मोजणारा या दोन गोष्टी एकच होऊन बसलेल्या असतात.

टप्पा ६: प्रत्यक्ष मोजणी

माणूस खुर्चीत ताठ, नजर समोर. डोकं फ्रँकफर्ट पातळीत आणा: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाचा वरचा काठ एका आडव्या रेषेत. ही पातळी १८८२ मध्ये ठरली आणि आता सगळीकडे वापरली जाते. कमाल लांबी ही दोन बिंदूंमधलं अंतर असल्यामुळे मान किंचित झुकली म्हणून ती बदलत नाही. डोक्याची उंची मात्र बदलते, आणि रुंदी आडवी ठेवणंही अवघड जातं. म्हणून सवय एकच ठेवा.

केस: अंबाडा, वेणी, चाप, रबर काढायला सांगा. डोक्याचं वस्त्र काढण्याबाबत आधीच विचारलेलं असावं, आडोसा असावा, आणि हवं असेल तर मोजणारी व्यक्ती त्याच लिंगाची असावी. दाट किंवा घट्ट कुरळ्या केसांतून टोक त्वचेपर्यंत पोचलंच पाहिजे. एका गटात केस दाट आणि दुसऱ्यात विरळ असतील, तर केसांची जाडी थेट गटांतला फरक बनून बाहेर येते. टोकं केसांत फिरवत खाली न्या, कवटीचा कठीण स्पर्श लागेपर्यंत हलका, स्थिर दाब द्या. दुखेल इतका नाही.

कमाल लांबी: एक टोक ग्लॅबेलावर, म्हणजे दोन भुवयांच्या मधे, नाकाच्या मुळाच्या वर, मध्यरेषेतला सर्वात पुढे आलेला बिंदू. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीने ते टोक तिथे धरून ठेवा. दुसरं टोक डोक्यामागे मध्यरेषेत वर-खाली फिरवा आणि सर्वात मोठं वाचन घ्या.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली: पुढचं टोक घसरून नाकाच्या मुळाच्या खळग्यात जातं. लांबी कमी येते आणि निर्देशांक फुगतो. दुसरी: मागे हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर टोक टेकवलं जातं. तो उंचवटा म्हणजे इनियन. लांबीचा मागचा बिंदू नेमलेला नाही, तो शोधायचा असतो. बहुतेकांत इनियनच्या बराच वर सापडतो.

कमाल रुंदी: मागे उभे राहा. दोन्ही टोकं कानांच्या वर थोडी मागे ठेवा आणि पुढे-मागे, वर-खाली लहान वर्तुळांत फिरवा. जिथे वाचन सर्वात मोठं, तिथे थांबा. दोन्ही टोकं सारख्याच उंचीवर आणि सारख्याच पुढे-मागे हवीत. एक भुजा पुढे सरकली की तिरकं अंतर मोजलं जातं आणि ते खऱ्या रुंदीपेक्षा जास्त भरतं. कानामागच्या हाडाच्या कंगोऱ्यावर टोक जाऊ देऊ नका, रुंदी त्याच्या वरच घ्यायची.

घेर: पट्टी भुवयांच्या लगेच वरून, मागे सर्वात बाहेर आलेल्या बिंदूवरून, केस दाबले जातील इतकी घट्ट. कान पट्टीत येऊ नयेत.

प्रत्येक माप दोनदा घ्या. सगळी मापं एकदा घेऊन मग दुसरी फेरी करा, म्हणजे पहिला आकडा लक्षात राहून हात तिकडे वळणार नाही. दोन वाचनांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं घ्या आणि मधलं धरा. नोंदणाऱ्याने आकडा ऐकून परत उच्चारायचा. "एकशे अठ्ठेचाळीस" आणि "एकशे अडुसष्ट" यांची गल्लत गोंगाटात सहज होते.

तपासणी: माणूस जाण्यापूर्वी पत्रकावर नजर टाका. प्रौढाची लांबी १६० ते २२० आणि रुंदी १२५ ते १७५ मिलिमीटरच्या बाहेर असेल तर तिथल्या तिथे परत मोजा.

टप्पा ७: स्कॅन किंवा कवट्या असतील तर

कॅलिपर, सीटी स्कॅन, त्रिमितीय पृष्ठभाग-स्कॅन आणि कोरडी कवटी ही चार वेगळी कुळं आहेत. एकाच तुलनेत मिसळू नका. जिवंत डोक्यावर त्वचा आणि मांस असतं, म्हणून लांबी-रुंदी दोन्ही वाढतात आणि निर्देशांकही थोडा जास्त येतो. म्हणूनच वर्गांच्या सीमाही वेगळ्या आहेत: मध्यशीर्ष (फार लांबटही नाही, फार रुंदही नाही) हा वर्ग जिवंत डोक्यांसाठी ७६ ते ८०.९, कवट्यांसाठी ७५ ते ७९.९.

पृष्ठभाग-स्कॅन केस दाबत नाही, म्हणून घट्ट टोपी घालूनच स्कॅन करा आणि तरीही कॅलिपरच्या आकड्यांत ते मिसळू नका. सीटीमध्ये आधी प्रतिमा फ्रँकफर्ट पातळीत फिरवून घ्या. रुग्ण टेबलावर जसा झोपला होता तशा कापावर मोजलेली लांबी ही कमाल लांबी नसते. शिवाय रुग्णालयातली सीटी ही कोणत्या तरी कारणाने काढलेली असते. ते कारण दोन्ही गटांत वेगळं असेल तर तुलना बिघडते.

उत्खननातल्या कवट्या मातीच्या दाबाने चेपलेल्या असू शकतात, आणि काही समाजांत बाळपणी डोकं मुद्दाम बांधून आकार दिला जाई. दोन्ही प्रकार बाजूला काढा. काढलेल्यांची संख्या लिहा.

टप्पा ८: आकडे स्वच्छ करा

शेवटच्या अंकांची मोजदाद करा. ० ते ९ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. ० आणि ५ वर ढीग दिसला तर कुणीतरी वाचन जवळच्या ० किंवा ५ वर ढकलत होतं. कोण ते मोजणाऱ्याच्या संकेतांकावरून लगेच कळतं.

लांबी आडव्या अक्षावर, रुंदी उभ्या अक्षावर असा बिंदूंचा आलेख काढा. बिंदू आधी मोजणाऱ्याप्रमाणे रंगवा, गटाप्रमाणे नंतर. मोजणाऱ्यांचे ढग वेगळे दिसले तर गटांचा आलेख काढूच नका, टप्पा ५ वर परत जा.

टोकाचा आकडा गटाच्या सरासरीत बसत नाही म्हणून खोडू नका. मूळ पत्रक बघा. लिहिण्याची चूक सिद्ध झाली तरच बदला.

टप्पा ९: निर्देशांक काढा, पण त्यावर थांबू नका

शीर्ष निर्देशांक म्हणजे कमाल रुंदी भागिले कमाल लांबी गुणिले शंभर. तो प्रत्येक माणसाचा आधी काढा, मग त्यांची सरासरी घ्या. सरासरी रुंदीला सरासरी लांबीने भागून येणारा आकडा जवळपास तोच असतो, पण त्याला विचलन नसतं, म्हणून तुलनेला तो निरुपयोगी.

निर्देशांक आकारमान लपवतो. १८० लांब आणि १४४ रुंद डोक्याचा निर्देशांक ८०. १९५ लांब आणि १५६ रुंद डोक्याचाही ८०. दोघांना एकच हेल्मेट बसणार नाही. उलट, निर्देशांक वाढला तर रुंदी वाढली की लांबी घटली, हे त्यातून कळत नाही. म्हणून लांबी, रुंदी आणि निर्देशांक हे तिन्ही नेहमी सोबत द्या. आकारमान आणि आकार वेगळे करायचे असतील तर सर्व मापांचा भूमितीय मध्य काढा, तो आकारमान. प्रत्येक मापाला त्याने भागलं की आकार.

सावधान: दीर्घशीर्ष (लांबट डोकं), मध्यशीर्ष, पृथुशीर्ष (रुंद डोकं) हे वर्ग सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. ८०.९ आणि ८१.० या दोन माणसांना वेगळ्या वर्गांत टाकण्यात काही अर्थ नाही. विश्लेषण मूळ आकड्यांवर करा.

टप्पा १०: तुलना

प्रत्येक लिंगासाठी वेगळा तक्ता करा: संख्या, सरासरी, प्रमाण विचलन, मोजणी-चूक. मग सरासऱ्यांमधला फरक आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा. वय आणि मोजणारा यांना समीकरणात घ्या. माणसं वस्त्यांतून घेतली असतील तर वस्तीही.

त्यानंतर फरकाला संयुक्त प्रमाण विचलनाने भागा. समजा अ गटाची सरासरी ७८, ब ची ८०, विचलन दोन्हींत ४. फरक भागिले विचलन ०.५. आकडे घंटेच्या आकारात पसरलेले असतील तर या दोन गटांच्या वक्रांचा ८० टक्के भाग एकमेकांवर बसतो. ब गटातला कोणीही एक आणि अ गटातला कोणीही एक उचलला, तर ब चा निर्देशांक जास्त असण्याची शक्यता ६४ टक्के. नाणेफेकीत ती ५० असते. इतक्या फरकावरून एकट्या माणसाचा गट ओळखता येत नाही. हा तक्ता न देता फक्त "फरक लक्षणीय आहे" असं लिहिणं वाचकाची दिशाभूल करतं.

मापं जास्त असतील तर एकेका मापाची चाचणी करत बसू नका. पाच गटांत दहा जोड्या होतात. दहा मापं घेतली तर शंभर चाचण्या. खरा फरक कुठेच नसला तरी पाच टक्के पातळीवर त्यातल्या पाचेक "लक्षणीय" निघतील. अशा वेळी सगळी मापं एकत्र घेणारं महालनोबिस अंतर वापरा. मापांचा परस्परसंबंध ते लक्षात घेतं, आणि डोक्याची मापं एकमेकांशी बरीच बांधलेली असतात. गट लहान असतील तर हे अंतर फुगतं, म्हणून लहान नमुन्याची दुरुस्ती लावा.

तपासणी: प्रत्येक गटाचे यादृच्छिक दोन तुकडे करा आणि त्या तुकड्यांची आपसांत तुलना करा. एकाच गटाच्या दोन तुकड्यांत जेवढा फरक येतो, त्याच्या आसपासच गटागटांतला फरक असेल, तर तो फरक म्हणून मांडू नका.

टप्पा ११: अर्थ लावणं आणि लिहिणं

जुळवून घेतल्यावरही फरक उरला, तर तो आनुवंशिक आहे असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. आहार, बालपणीचे आजार, बाळाला झोपवण्याची पद्धत, हवामान आणि आनुवंशिकता ही सगळी कारणं डोक्याच्या आकारात गुंतलेली आहेत, आणि एकाच काळात घेतलेली मापं त्यांना वेगळं करत नाहीत. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतरितांच्या आणि त्यांच्या मुलांच्या डोक्यांची मापं घेऊन दाखवलं की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा निर्देशांक आई-वडिलांपेक्षा सरकतो. त्याच आकडेवारीवर २००२ मध्ये एका गटाने म्हटलं की हा बदल वांशिक गटांतल्या फरकापुढे किरकोळ आहे. २००३ मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं की बोआस मुळात बरोबर होते. आकडे एकच होते. एकाने विचारलं, बदल किती मोठा? दुसऱ्याने विचारलं, बदल झाला का? टप्पा १ मधलं वाक्य अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात जसंच्या तसं का यावं, ते यावरून लक्षात यावं.

आणखी एक गोष्ट आकड्यांसोबत लिहा. जगभरच्या कवट्यांच्या मापांत जेवढी विविधता आहे, तिचा फार मोठा भाग प्रत्येक लोकसमूहाच्या आत असतो. समूहा-समूहांतला वाटा लहान असतो.

वाक्यरचना सांभाळा. "ब गटाचे लोक पृथुशीर्ष असतात" असं लिहू नका. असं लिहा: "वीस ते चाळीस वयाच्या, स्वतःला ब म्हणवणाऱ्या ७० पुरुषांत निर्देशांकाची सरासरी ८०.१, विचलन ४.०, अ गटातल्या ७२ पुरुषांत ७८.२, विचलन ३.९, दोन्ही गट त्याच तीन जणांनी मोजले, मोजणाऱ्यांमधली चूक लांबीत १.३ मिलिमीटर." आकडे नमुन्यादाखल आहेत, बांधणी घ्या.

अहवालाला जोडायचं ते: खूणबिंदूंच्या व्याख्या, साधनाचा प्रकार, गट ठरवण्याचा नियम, वगळलेल्यांची संख्या आणि कारणं, मोजणाऱ्यांच्या परीक्षेचा तक्ता, आणि नावं काढून टाकलेली दोन्ही वाचनांची मूळ यादी. लहान समाज असेल तर वय, गाव आणि लिंग एकत्र छापल्याने माणूस ओळखता येतो. तिथे गावाचा रकाना काढा. छापण्यापूर्वी मसुदा ज्यांची मापं घेतली त्या समाजांतल्या लोकांना वाचायला द्या. त्यांनी काढलेली शंका लेखी नोंदवा, आणि ती मापांबद्दल असेल तर कॅलिपर घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा.